करवली होणार होती ती

माझ्या लग्नात मी एका माणसाचा अपमान केला. तो माणूस काल गेला.

शिरीष. माझा कॉलेजातला मित्र. आणि मैत्रीण.

'तो' लिहू की 'ती', हे मला कुणी शिकवू नका. दोन्ही लिहिणार. ज्या दिवशी जसं असायचं तसं.

१९८२. घाटकोपर.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि शिरीषचे बाबा दिवसभर घरात बसायला लागले. चाळीतली एकच खोली. तोवर दुपारी घर रिकामं असायचं, ताईची साडी नेसून आरशासमोर बसता यायचं. ते बंद झालं.

हे त्याने मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. चहा गार झाला तरी मान वर केली नाही.

मी म्हटलं, "माझी आई शाळेतून साडेपाचला येते. आमच्याकडे ये की."

एवढंच बोलले. फार समजूतदार होते असं काही नाही. असं असण्याला काही नाव असतं, हेसुद्धा माहीत नव्हतं.

मग दुपारची ती यायची. आईची वायल नेसायची. निऱ्या माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगल्या.

"तू नेसतेस ना सुजे, ते बोचकं दिसतं."

आणि चार दिवसांनी तोच दारात, दाढी वाढलेली, हातात बॅट. मी कपाट उघडायला गेले की वैतागायचा. "आज नको यार. आज मी पोरगाच आहे."

एकदा विचारलं, "तुला बाई व्हायचंय का?"

"व्हायचं काय त्यात? कधी असते, कधी नसते. तुझ्याकडे कारण सांगावं लागत नाही, म्हणून येते."

तेव्हापासून मी विचारायचं सोडलं. चहा टाकायचा, बस.

अशाच एका दुपारी ठरलं. नवरीच्या मागे कऱ्हा घेऊन जी उभी राहते, ती करवली. "तुझ्या लग्नात करवली मी," ती म्हणाली. मी टाळी दिली.

८६ साली माझं लग्न ठरलं. मुलुंडचा हॉल, सासरची माणसं कडक. माझी तंतरली.

मला भाऊ नाही, आणि नवऱ्याचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. मी शिरीषला म्हटलं, "करवली मावसबहीण होईल. तू कान पिळ ना. तोही मानच आहे."

मला खरंच वाटलं, काय झकास तोडगा काढला. तो दोन्ही असतो ना, मग माझ्या सोयीचा दिवस मी निवडला तर काय बिघडलं?

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चालेल."

सफारी घालून आला. कान असा पिळला की अख्खा हॉल हसला. सासऱ्यांनी शर्टपीस दिला, तो त्याने कपाळाला लावून घेतला. मीही हसत होते.

त्यानंतर इतकी वर्षं शिरीष घरी येत राहिला. माझ्या मुलीचा लाडका मामा. नेहमी शर्ट-पँटमध्ये.

ती परत कधी आली नाही.

आणि मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, हे मी शिकले होते ना. सोयीचंच होतं ते.

काल स्मशानात त्याच्या बोरिवलीच्या मैत्रिणी भेटल्या. दर रविवारी ती त्यांच्याकडे साडी नेसून जायची. मला पत्ताच नव्हता. एकीने माझा हात धरला.

"तुम्ही सुजाता ना? तुमच्याबद्दल फार मायेने बोलायची."

मग म्हणाली, "तुमच्या लग्नात तिने पिशवीतून साडी आणली होती. मंगलाष्टकं संपेपर्यंत हातात धरून उभी होती. वाटत होतं, तुम्ही ऐनवेळी बोलवाल."

शिरीष, ती पिशवी मी बघितली होती रे.

मला वाटलं, आहेर आहे.

चुकलं माझं. खूप उशिरा सांगतेय.

सुखाने जा.