टर्कीसाठी लाल ठिपका

२००५ च्या वसंतात मला बंदुकीचं वेड लागलं होतं. टेक्सासमधल्या प्लेनो गावात, आमच्या गराजमध्ये मी रिकामी शॉटगन खांद्याला टेकवून भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरायची. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "अगं, लोक गार्डनिंग करतात, योगा करतात यार! तुला हेच सुचलं?" हा माणूस अंडंसुद्धा खात नाही, आणि मी नागपूरची, सावजी रश्श्यावर वाढलेली. आमचं कसं जमलं, हे आमच्या दोघांच्या आयांना आजही कोडंच आहे.

वेड लावलं ते शेजारच्या सरांनी. ते हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. नावानं हाक मार, असं त्यांनी कितीदा सांगितलं तरी माझ्या तोंडून 'सर'च निघायचं. उभी हयात त्यांनी दर वसंतात रानटर्कीची शिकार केली होती. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. लांबचं लख्ख दिसायला लागलं, पण नळीच्या टोकावरचा पितळी मणी, आपण ज्याला बंदुकीची माशी म्हणतो, तो पार धुरकट झाला. आदल्या वसंतात त्यांच्या हातून एक नर जखमी होऊन झाडीत शिरला आणि दिवसभर शोधूनही सापडला नाही. त्यांनी बंदूक कपाटात ठेवली ती ठेवलीच.

"यंदा मी आवाज काढून पक्षी बोलावतो, बार तू काढ," असं ते म्हणाले तेव्हा मी उडालेच. पण बोलताना त्यांनी मान दुसरीकडे वळवली, ते काही मला बघवलं नाही. तिथल्या तिथे ठरवलं: माझ्या बंदुकीला अशी साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, शोधायची, जी सरांच्या डोळ्यांनाही चालेल, आणि त्यांच्या हातात पुन्हा बंदूक द्यायची. हे त्यांना अर्थातच सांगितलं नाही. दया केलेली त्यांना मुळीच खपत नसे.

दुकानात गेले आणि हरखूनच गेले. सराफाकडे कुड्या मांडाव्यात तशा काचेच्या कपाटात साइट मांडलेल्या. दुर्बिणीसारखी एक हातात घेतली, तर तिच्यातून समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकाखेरीज काही दिसेना. दुसरी होती चमकत्या काड्यांची. मागे दोन हिरवे ठिपके, पुढे एक लाल, तिन्ही एका रेषेत आणले की नेम लागला. मी लगेच भाळले. बॅटरी नाही, काच नाही, बिघडणार काय? पण मला नुकतीच चाळिशी लागली होती. घरी येऊन नेम धरला तर मागच्या दोन ठिपक्यांची दोन लिंबं झालेली. मलाच ही गत, तर सरांना काय दिसणार, कप्पाळ!

ती परत केली आणि तिसरा प्रकार आणला. बोटभर उंचीची काचेची खिडकी, आणि तिच्यात तरंगणारा एक लाल ठिपका. जवळचं काहीच बघायचं नाही. नजर लांब पक्ष्यावर ठेवायची, ठिपका तिथे न्यायचा, बस्स. मी चष्म्याशिवाय पाहिलं, चष्म्यातून पाहिलं, ठिपका आपला टपोरा तो टपोराच. मी गराजमध्ये एकटीच ओरडले, "सापडलं!"

सरांची अट स्पष्ट होती. तीस यार्डांवरच्या कागदी टर्कीच्या मानेत आणि डोक्यात छर्रे गेले, तरच रानात जायचं. पुन्हा पक्षी जखमी करून सोडायचा नाही. आम्ही हायवेपलीकडच्या नेमबाजीच्या मैदानावर गेलो. कागदावर टर्कीची छाती, मान आणि डोकं छापलेलं, मानेवर एक वर्तुळ. मी श्वास रोखला, चाप ओढला, खांद्याला सणसणीत दणका बसला. कागद पाहिला तर सगळे छर्रे खाली, छातीत. पुन्हा बार, पुन्हा छातीत. सर दुर्बिणीतून बघत शांतपणे म्हणाले, "खेळणं आहे ते."

दुकानातल्या माणसानं साइट बसवतानाच जुळवून दिली होती. त्यामुळे दोष साइटचाच, याबद्दल मला शंका नव्हती. ती परत केली, दुसऱ्या कंपनीची आणली. तीही खाली मारायची. पुन्हा परत. माल परत घेणाऱ्या काउंटरवरची बाई मला बघताच हसून हात पुढे करू लागली. मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्या प्रत्येक चुकलेल्या बारासरशी सरांचं 'खेळणं' पक्कं होत चाललं होतं. मीच त्यांच्या मनातून ही गोष्ट कायमची उतरवतेय की काय, या विचारानं मला रडू फुटायचं बाकी होतं.

तिसऱ्या खेपेला नवरा बरोबर आला, बाराचा आवाज अडवायला कानाला मफ लावून, हातात चिवड्याचा डबा घेऊन. दोन बार पाहून झाल्यावर त्यानं विचारलं, "तू तो डॉट नक्की कुठे ठेवतेस?"

"कुठे म्हणजे? वर्तुळाच्या खाली. बरोबर खालून टेकवून."

"का पण? मारायचं वर्तुळात आहे ना?"

"अरे, एनसीसीत तसंच शिकव..."

आणि माझं तोंड उघडंच राहिलं. कॉलेजातलं ते मैदान, कोपरांना टोचणारे खडे, पाठीमागून उस्तादांची गर्जना, "काले गोले के नीचे! नीचे!" त्या रायफली जराशा वर मारतील अशाच जुळवलेल्या असायच्या. त्यामुळे काळ्या गोळ्याच्या खाली नेम धरायचा, म्हणजे गोळी बरोब्बर मधे जाते. इतक्या वर्षांत मी रायफलीला हात लावला नव्हता, संसार केला, देश बदलला, पण उस्ताद काही डोक्यातून गेले नव्हते. बिचाऱ्या साइट अगदी मी सांगेन तिथेच मारत होत्या आणि मी त्यांना दुकानात परत पाठवत होते!

नवरा इतका हसला की अर्धा चिवडा टेक्सासच्या मातीत गेला. "तुझ्या उस्तादांना टर्कीचं कुणी ब्रीफिंगच दिलं नव्हतं गं!"

मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ठिपका थेट मानेवर ठेवला, आणि मनातल्या उस्तादांची क्षमा मागून चाप ओढला. कागदी मानेची चाळण झाली. पुन्हा बार, पुन्हा चाळण. मी नवऱ्याला मिठी मारली, मग सरांना, मग पुन्हा नवऱ्याला.

त्याच उत्साहात बंदूक सरांपुढे धरली. "एकदा फक्त बघा यातून."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण घेतली. खांद्याला लावली आणि तशीच धरून राहिले. मग म्हणाले, "काडतूस दे." त्यांच्या पहिल्याच बाराला मान फाटली. माझा जीव भांड्यात पडला. पण त्यांनी बंदूक माझ्या हातात परत दिली. "कागद जखमी होत नाही. रानात तूच मारायचं."

मी हट्टाला पेटले. यंदाचं लायसन्स काढलंय का, असं विचारलं तर ते म्हणाले, काढलंय, दरवर्षीच्या सवयीनं. मला एवढं पुरे होतं.

हंगाम उघडल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या ओळखीच्या शेतावर एका मोठ्या ओकच्या बुंध्याला टेकून बसलो. अंगावर झाडीच्या रंगाचे कपडे, तोंडावर जाळी. माझ्या मनगटावरचा सत्यनारायणाचा लाल दोरा त्यांनी हातमोज्यात खुपसायला लावला होता. नराचं डोकं लाल असतं, दुसरा शिकारी फसून आपल्यावरच बार काढायचा, त्यामुळे टर्कीच्या रानात लाल रंग अंगावर दिसू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. उजाडता उजाडता त्यांनी लाकडी डबीवर झाकण घासून मादीचा आवाज काढला. पलीकडच्या ओढ्याकडून उत्तर आलं, असं घसा फोडून की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा डबी, पुन्हा उत्तर, आता जवळून.

आणि तो आला! शेपटीचा पंखा उभारून, छाती फुगवून, लग्नातल्या व्याह्यासारखा मिरवत. मधेच एका झुडपाआड गेला. मी सेफ्टीचा खटका लावलेली बंदूक हळूच सरांच्या गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही," मी पुटपुटले.

त्यांनी मान हलवली. नाही.

"सर, प्लीज."

त्यांचा हात दस्त्यावर पडला, पण तिथेच थांबला. मला वाटलं, झालं, आता परत देणार. झुडपामागून तो पुन्हा ओरडला, अगदी पुढ्यात. सरांनी बंदूक उचलली. खांद्याला लावली. पक्षी उघड्यावर आला, मान ताठ केली. ते वाट बघत राहिले, बघतच राहिले.

बार झाला. नर जागीच कोसळला, एक पंख फडफडला आणि संपलं.

मी उठून उभी राहिले आणि मराठीत काय काय ओरडले देव जाणे. वसंतभर मी ज्याच्यासाठी खांदा काळानिळा करून घेतला, तो बार मी काढलाच नव्हता, आणि आयुष्यात इतका आनंद मला क्वचितच झाला होता.

सर पक्ष्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले. त्याची पिसं हातानं सारखी केली, जाळी वर करून डोळे पुसले. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"इतकी वर्षं मी फक्त माशी बघत होतो," ते म्हणाले. "आज मला त्याचा डोळा दिसला."