एका बिलाचे दोन धनी

चिंचवडला आमची लाकडी खोक्यांची शेड होती. पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्याला आम्ही बाटल्यांसाठी खोकी पुरवायचो. माल आज गेला की पैसे तीन महिन्यांनी. तोवर चार सुतारांचे पगार आणि लाकूडवाल्याचं देणं भागवायचं कुठून? म्हणून कारखान्याचा शिक्का बसलेलं बिल पुण्यातल्या एका पेढीवर वटवायचं. पेढी थोडे पैसे कापून बाकीचे लगेच द्यायची आणि पुढे कारखान्याकडून पूर्ण रक्कम वसूल करायची. हा सगळा व्यवहार यजमान बघायचे. मी वह्या लिहायची.

मंदी आली तशी कारखान्याने मागणी निम्म्यावर आणली. पेढीने आधी कापायची रक्कम वाढवली, मग नवीन बिलं घेणंच बंद केलं. गावातल्या एका शेतकऱ्याची जमीन कारखान्याला गेली होती. त्या पैशांतून ते बिलं घेऊ लागले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. आम्ही त्यांच्याकडे गेलो. पेढीला दिलेलं बिल आपल्याकडे आणायचं नाही, एवढीच त्यांची अट होती.

पंधरा दिवसांनी वही लिहिताना एकच बिल दोन पानांवर दिसलं. एकदा पेढीच्या खात्यावर, एकदा दादांच्या. मला वाटलं, माझीच चूक. यांना विचारलं, तेव्हा खरं कळलं. कार्बनच्या प्रतीवरही शिक्का मारून घेऊन यांनी ती दादांना दिली होती.

"सुतारांना रिकाम्या हाताने घरी पाठवायचं होतं का?" हे म्हणाले.

कारखान्याचे पैसे सुटायला अकरा दिवस होते. त्या दिवशी दोन माणसं एकाच बिलाचे पैसे मागणार होती. शेडपाशी सायकल थांबली की मला पोलीस आले असतील असंच वाटायचं. हे म्हणत होते, थांबू, काहीतरी होईल. तिसऱ्या दिवशी मीच यांना घेऊन दादांकडे गेले.

दादा गोठ्यात वैरण टाकत होते. हे दाराशीच उभे राहिले, म्हणून मीच सगळं सांगितलं. दादांनी हात धुतले.

"पेढीवाल्यास्नी ठावं हाय का?"

"नाही."

"मंग मला का सांगितलंत?"

"फार भीती वाटली, दादा."

दादा दुपारी शेडवर आले आणि आमच्या सगळ्या फळ्यांवर खडूने खुणा केल्या. पैसे फिटेपर्यंत हे लाकूड माझं, म्हणाले. त्याच लाकडाची खोकी करून रोखीने विकली आणि आम्ही त्यांचं देणं फेडलं. तेवढे दिवस सुतारांना अर्धाच पगार मिळाला. एक जण कोकणात निघून गेला, तो परतला नाही. पेढीचे पैसे कारखान्याने ठरल्या दिवशी दिले आणि तिथलं खातं मिटलं.

दादांनी आमची बिलं घेणं सोडलं नाही. फक्त यांच्यासमोरच मला म्हणाले, "हितनं फुडं बिलावर तुमची बी सही पायजे."

त्यानंतर बिल तयार झालं की हे ते माझ्यापुढे ठेवायचे आणि माझी सही होईपर्यंत बाहेर जाऊन उभे राहायचे.