मामींपुढची पेशी

माझ्या बायकोच्या मामांइतका घाबरट माणूस साऱ्या भोपाळात शोधून सापडणार नाही, आणि गंमत म्हणजे घाबरलेली माणसं धीर मागायला त्यांच्याकडेच येतात. मामा फौजेत क्लार्क होते. रजेवरून कोण उशिरा आला, नायकाला कोणी उलट उत्तर दिलं, पहाऱ्यावर कोणाचा डोळा लागला, असली प्रकरणं टाइप करण्यात त्यांची नोकरी गेली. दुसऱ्यांचे गुन्हे टाइप करता करता भीती यांच्याच अंगात मुरली. बरोबरीचे सगळे सुभेदार होऊन निवृत्त झाले, मामा हवालदारच राहिले. "बढती द्यायला माणूस आला असेल तेव्हा हे पलंगाखाली लपले असतील," असं आमच्याकडे गमतीनं म्हणत, आणि त्यावर मामाही सगळ्यांबरोबर हसत.

बाग सेवनियातल्या त्यांच्या घराची बेल वाजली की मामा आधी दाराच्या भोकातून बघतात, मग खिडकीतून, आणि शेवटी मामींना पाठवतात. चौकात ट्रॅफिक पोलीस दिसला की पायी चालणारे मामा फुटपाथावरच थांबून सिग्नल हिरवा व्हायची वाट पाहतात. कॉलनीच्या एका मीटिंगमध्ये अध्यक्षांनी सहज विचारलं, "गेट के सामने ये स्कूटर किसका है भई?" तर मामा उभे राहून म्हणाले, "मैं इस वक़्त कुछ नहीं कहना चाहता।" मामांकडे स्कूटर नाही, कधी नव्हती. त्यांच्या घरी माझ्या हातून एकदा कप फुटला. "सॉरी मामी, माझी चूक झाली," असं मी म्हणायला आणि मामा खुर्चीतून ताडकन उठायला एकच गाठ पडली. "जावईबापू, असं एकदम कबूल करू नका! कपाला आधीच तडा नव्हता हे पाहिलंय कोणी?" तडा नव्हता. मीच बशीवर आपटला होता. पण मामांचा चेहरा असा पांढरा पडला होता, की मला आता अटकच होते की काय असं वाटायला लागलं.

या कपाच्या गोष्टीतच मामांचं सगळं वकिली ज्ञान आलं. त्यांच्या मते फौजेतला जवान सलाम ठोकायच्या आधी एक वाक्य शिकतो, "गलती हो गई साब." कोणीही ओरडलं की हे म्हणायचं, पाच-पंचवीस दंड काढायचे आणि सुटायचं. बराकीत ते चालून जातं. पण पेशीला, म्हणजे कमांडिंग ऑफिसरपुढे आरोप ऐकवला जातो तेव्हा, तेच वाक्य निघालं तर तो झाला गुन्ह्याचा कबुलीजबाब. साक्षीदारांना प्रश्न विचारायचा जवानाला हक्क असतो, आपले साक्षीदार बोलवायचा असतो; पण हक्क आठवायच्या आत जीभ आपलं काम करून मोकळी होते. "घाबरायला मनाई नाही," मामा प्रत्येकाला सांगत. "घाबरून बोलायला मनाई आहे."

त्यासाठी दर रविवारी मामांच्या हॉलमध्ये, ज्यांची पेशी जवळ आली आहे अशा जवानांची तालीम चाले. आरोपी जवानानं खऱ्या पेशीसारखी टोपी आणि बेल्ट काढून चपलांच्या कपाटावर ठेवायचा. मामा स्वयंपाकघराच्या दारातून "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, थम!" करत त्याला आत आणायचे. सोफ्यावर कमांडिंग ऑफिसर म्हणून मामी, मांडीवर मेथीची जुडी. मामी तशा मऊ स्वभावाच्या, पण त्या खुर्चीवर, म्हणजे सोफ्यावर, बसल्या की त्यांच्या नजरेला नजर देणं कठीण. "क्यों जवान, कसूर मानते हो?" असं त्यांनी मेथी खुडता खुडता विचारलं की सहा फुटी गडी विरघळायचे. "गलती हो गई साब!" मामा कपाळावर हात मारून घेत आणि सगळं पुन्हा दारापासून सुरू होई.

हे सगळं आम्ही हसत हसत पाहायचो, ते माझा मेव्हणा निखिल त्या दारात उभा राहीपर्यंत. निखिल शहराबाहेरच्या एका युनिटमध्ये लान्स नायक. त्याच्या पहाऱ्याच्या वेळी स्टोअरमधली एक दुर्बीण गेली आणि आरोप त्याच्यावर आला. त्यानं ती पाहिलीसुद्धा नव्हती. दोष ठरला तर हुद्द्याची फीत जाणार, वर लाल शाईची नोंद, म्हणजे पुढे बढतीच्या वेळी दर खेपेला तीच आडवी येणार. माझ्या बायकोला जेवण जाईना. मला शाळेत भूगोल शिकवताना नद्यांची नावं आठवेनात. आणि मामा? सख्खा भाचा म्हटल्यावर "लेफ्ट-राइट" म्हणताना त्यांचाच पाय चुकत होता.

निखिल तालमीत दर वेळी तिथेच अडकायचा. मामींनी आवाज चढवला की हरला. शेवटच्या रविवारी मामा त्याच्यापुढे जवळजवळ हात जोडून म्हणाले, "अरे, स्टोअरकीपरला एवढंच विचार, ड्यूटी बदलते वक़्त दूरबीन मुझे दिखाई थी क्या? बाकी एक अक्षर नको. तुझ्या आजीची शपथ आहे तुला."

"मामा, वो चिल्लाएँगे तो मैं ब्लँक हो जाता हूँ ना," निखिल म्हणाला.

पेशीच्या दिवशी आम्ही सगळे मामांकडे जमलो. निखिलचा फोन आत जमा, त्यामुळे कळायला काही मार्ग नाही. मामी मेथी निवडत होत्या. निवडलेली मेथी पुन्हा निवडत होत्या. मामा भिंतीपाशी उभे होते. किती वेळ लक्षात आलं नाही, मग दिसलं की त्यांनी आपला बेल्ट काढून चपलांच्या कपाटावर ठेवला आहे आणि एका हातानं पँट सावरून धरली आहे. एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी मी दाराकडेच बघत राहिलो.

दुपारी बेल वाजली. आयुष्यात पहिल्यांदा मामांनी भोकातून न बघता दार उघडलं. निखिल पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता.

"डिसमिस!" तो म्हणाला. "मी विचारलं, मामा. स्टोअरकीपर म्हणाला, दिखाई तो नहीं थी साब. मग साहेबांनी त्यालाच धरलं."

"आणि शेवटी?" मामांनी विचारलं. "शेवटी काय बोललास?"

निखिल खाली बघायला लागला. "साहेब म्हणाले, केस डिसमिस, जाओ. इतकं हलकं वाटलं ना मामा, की तोंडातून निघूनच गेलं."

"काय निघून गेलं?"

"गलती हो गई साब."

मामांनी खुर्चीची पाठ धरली. "मग?"

"साहेबांनी एकदा पाहिलं माझ्याकडे. म्हणाले, मैंने कुछ नहीं सुना, भागो यहाँ से."

आम्ही असे हसलो की शेजारी दारात आले. माझी बायको हसता हसता रडायला लागली. मामा मात्र हातात पेढा धरून तसेच उभे होते.

"भला माणूस आहे," ते म्हणाले. "आमच्या साहेबांनी ऐकलं होतं."

हसणं थांबलं. "म्हणजे काय, मामा?" बायकोनं विचारलं.

"ऑफिसातला टाइपरायटर फुटला होता. मी त्या दिवशी खोलीतसुद्धा नव्हतो गं. साहेब जोरात बोलले, आणि निघून गेलं तोंडातून." मामा ओशाळं हसले. "नंतर खूप सुचलं. काय काय विचारायला हवं होतं ते रोज सुचायचं."

मला बढतीचा तो पलंगाखालचा विनोद आठवला आणि फार वाईट वाटलं. तेवढ्यात मामींनी मांडीवरची मेथी बाजूला ठेवली, सोफ्यावर ताठ बसल्या आणि आपल्या त्या साहेबी आवाजात म्हणाल्या, "हवलदार साब, केस डिसमिस. पेड़ा खाओ."

मामांनी सवयीनं टाचा जुळवल्या. तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. पेढा तोंडात घातला आणि मुकाट्यानं खाल्ला.