शाईची तीन बोटं

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. इतकी वर्षं नर्स होते, कितीतरी मरणं जवळून पाहिली, कधी कुणी परत आलं नाही. त्यामुळे हे लिहिताना भीती वाटत नाही... लाज वाटते.

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं. आदिलाबादच्या एका दवाखान्यात (नाव मुद्दाम लिहीत नाही) मी नर्सिंग शिकत होते. बायकांचा वॉर्ड, वीस खाटा, आणि शिकाऊ मुली आम्ही दोघीच. सकाळी डॉक्टरसाहेबांच्या राउंडआधी प्रत्येकीची नाडी आणि ताप चार्टवर लिहिलेला लागायचा. वेळ पुरायचा नाही. मग मोठ्या सिस्टरनीच शिकवलं – दाराजवळच्या टेबलाशी बसायचं आणि कालचे आकडे बघून आजचे भरायचे. पहिल्या दिवशी मी रडले. पंधरा दिवसांनी झरझर लिहायला लागले.

सात नंबरच्या खाटेवर तामसी गावची गंगू होती, आठवडाभर तापानं पडलेली. त्या सकाळी तिनं दोनदा हाक मारली, "बाई, जरा हात पाहा ना." मी मान वर न करता "आले, आले" म्हटलं आणि लिहिलं – नाडी ८०. उठले नाही. राउंड आला तेव्हा ती गेलेली होती.

तिची आई खिडकीबाहेर बसून असायची, तिला आत घेतलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तिनं माझे हात धरले.

"तुमी तिचा हात धरून बसल्या होत्या ना बाई. मी खिडकीतून पाह्यलं. माही लेक एकटी नाही गेली."

मग तिनं गंगूचं मनगट उलटं करून दाखवलं. नाडीच्या जागी शाईचे तीन निळे ठसे होते... माझ्या बोटांना शाई होती, हे खरं. पण मी त्या खाटेपाशी गेलेच नव्हते. सोबतीणही माझ्यासमोर टेबलाशीच बसलेली होती.

मी हात सोडवून घेतले आणि चार्टवरचा आकडा तसाच राहू दिला.

त्यानंतर कुणाच्याही मनगटावर बोटं ठेवली तरी खाली काही लागेना. धडधाकट माणूस समोर बोलतोय, आणि नाडी नाही! अभ्यासाला बसले की 'नाडी' या शब्दापाशीच अडायचे. प्रॅक्टिकलला नापास झाले.

शेवटी बैलगाडीनं तामसी गाठली. गंगूची आई कापूस वेचत होती. तिला बांधावर बसवून सगळं सांगितलं – मी उठले नाही, आकडा खोटा लिहिला.

"असं काऊन म्हन्ता बाई? मी माह्या डोयानं पाह्यलं."

मी पुन्हा सांगितलं. ती ऐकेचना. मला रडू आवरेना, तेव्हा तिनं पदराला हात पुसला आणि मनगट माझ्यापुढे धरलं. "पाहा बरं."

बोटांखाली नाडी लागली. पूर्ण एक मिनिट मोजली. पुढे पासही झाले, आणि न मोजता आकडा पुन्हा कधी लिहिला नाही.

गंगूजवळ कोण बसलं होतं, मला आजही माहीत नाही. जी कुणी होती, तिनं माझं काम केलं... आणि त्या माउलीनं हात धरले ते माझे.