अर्धी राहिलेली ओळ

साठी उलटली आणि दम्याने मला गाठलं. खरं सांगते, मी देवावर रुसले. आमचं गाव पवनीजवळ. गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात पेटी माझी आणि पहिली ओळही माझीच. माझ्यासारखा खडा आवाज पंचक्रोशीत नाही, असा माझा ठाम समज होता आणि तो मी कधी लपवूनही ठेवला नाही. आता मात्र मंदिराच्या पायऱ्या चढले तरी छातीत घरघर. देवा, तुझं नाव घ्यायला श्वासच ठेवला नाहीस, तर मी जगून करू काय, असं त्याला रोज विचारायची.

सन ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. कार्तिक लागला आणि पहाटेची काकड आरती सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी की, पहिल्या दिवशी जिने पहिली ओळ धरली, तिनेच ती काल्यापर्यंत महिनाभर धरायची. मध्येच दुसरीने धरली तर काकडा मोडला म्हणतात. झालं, मी हट्टाला पेटले. तिकडे खळ्याखळ्यावर धानाची मळणी, हवेत सगळी धूळ, पहाटेचा गारठा आणि मंदिरात धुपाचा धूर. दमेकऱ्याने जे जे टाळायचं, ते सगळं मी देवाच्या नावावर करत होते. सून बिचारी रोज पहाटे मला धरून मंदिरात न्यायची, आणायची आणि येता-जाता विनवायची. मी कसली ऐकते!

काल्याच्या आदल्या दिवशी काकडा आटोपून घरी आले, तर ओठ निळे पडलेले. सून उंबऱ्यातच रडायला लागली. मुलगा बाहेरगावी नोकरीला, सगळा भार तिच्यावर. "आई, तुमाले काही झालं तं मी यायले काय सांगू?" म्हणाली. तिच्या रडण्यापुढे माझं काही चालेना. डॉक्टरकडे जायला निमूट पवनीच्या बसमध्ये बसले.

पवनीला उतरले आणि तिथेच दम कोंडला. सून रिक्षा पाहायला धावली. मी स्टँडच्या ओट्यावर बसून तोंड उघडून हवा ओढत होते, पण आत काही जाईना. आता संपलं, असं वाटलं. तेवढ्यात शेजारी शिंगाड्यांची टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी उठली, माझ्यामागे आली आणि पाठीला पाठ लावून बसली. खालच्या पट्टीत तिने एक लांब सूर धरला. तो माझ्या पाठीत घुमला.

"घेऊ नोको बाई, सोड," ती म्हणाली. "तू सोड, तो येते आपल्यानं."

जन्मभर गायले, पण मला श्वास ओढणंच ठाऊक होतं. तिच्या सुरासोबत मी तो हळूहळू सोडत गेले. सगळा सोडला. मग काय नवल सांगू, थोडी हवा आपसूक आत आली. पुन्हा सोडला, पुन्हा आली. सून रिक्षा घेऊन आली, तोवर मी रडत होते, पण बरी होते.

लाखांदूरची बस लागली तशी म्हातारी टोपली उचलून निघाली. मला नावही विचारता आलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि गाताना दम ताणायचा नाही, असं बजावलं. मंडळातल्या बायका म्हणतात, ती देवीच होती. सून हसते. देवी असती तर टोपलीसाठी कंडक्टरशी भांडली असती का, म्हणते. मी कोणाच्या बाजूने बोलत नाही. मी देवाकडे श्वास मागत होते आणि त्याने माणूस पाठवला, एवढं मला पुरतं.

काल्याच्या दिवशी पहिली ओळ मीच धरली. अर्ध्यावर श्वास संपला. एरवी छाती फुटेस्तोवर ओढला असता. त्या दिवशी नाही ओढला. काकडा मोडला, या भीतीने डोळे मिटले आणि ओळ तिथेच सोडली.

पण ती खाली पडलीच नाही. मागून सुनेने उचलली. मंदिरात कधी तोंड न उघडणारी माझी सून! तिच्यामागे सगळ्या बायकांनी धरली. पेटीवरचे माझे हात चालत राहिले आणि मी गप्प बसून ऐकत होते. दमा आजही आहे, गोळ्याही आहेत. पण देवाचे उपकार कसे फेडू? इतकी वर्षं जे भजन गात आले, ते त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकवलं.