एका लादीचा निकानोर

आमच्या गावात पिचरच्या, म्हणजे बेसबॉलचा चेंडू टाकणाऱ्याच्या, हाताची बातमी रेडिओवर कळत नसे. ती निकानोर पेद्रोसोच्या सायकलच्या कॅरियरवर कळायची. मागे बर्फाची एक लादी बांधलेली असली की हात ठणठणीत. दोन असल्या की हात दुखावलेला, आणि सगळं गाव सायकलमागे.

निकानोर आमच्या बेसबॉल संघाचा मालिशवाला. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो मासळीच्या कारखान्यामागच्या बर्फखान्यात यायचा, आणि लाद्या द्यायला मी असायचो, मेल्चो. चाळीस वर्षं मी तिथेच होतो, त्यामुळे सांगतो ते ऐकीव नाही. आमच्या लाद्या लहान साच्याच्या, एका माणसाला उचलता येतील अशा. एक लादी सगळ्या संघाच्या दुखण्याखुपण्याला पुरायची. दुसरी लागायची ती कुणाचा हात खांद्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा असेल तरच. हे गणित मी कुणाला सांगितलं नव्हतं, निकानोरनेही नाही. पण बाकड्यावरच्या मंडळींना असली गणितं बरोबर जमायची. संसाराची तेवढी जमली नाहीत.

बाकडं म्हणजे चौकातल्या बदामाखालचं. त्याला सगळे गरम कोपरा म्हणत. न्हावी अमादो आणि शाळामास्तर फेर्मिन हे तिथले दोन न्यायाधीश. बाकीचे दहा-पंधरा जण नुसते ओरडायला. सकाळी सातला सुरू झालेलं बेसबॉलचं भांडण जेवायच्या वेळेपर्यंत चालायचं. त्र्याण्णव साली तर जेवायची वेळही नावालाच होती. लोक साखरेचं पाणी पिऊन घराबाहेर पडत, आणि भांडायला बेसबॉल सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं.

निकानोर मूळचा साखर कारखान्यावरचा बैलांचा माणूस. लिहितावाचता येत नव्हतं, पण बैलाच्या गुडघ्यावर अंगठा फिरवून कुठे काय अडलंय ते सांगायचा. ट्रॅक्टर आले, बैल गेले, तेव्हा कुणीतरी त्याला संघाच्या खोलीत आणून बसवलं. पेरूची पानं आणि कापूर घालून उकळलेलं तेल, जुन्या चादरी फाडून केलेल्या पट्ट्या आणि एक पत्र्याचा टब, एवढीच त्याची सामग्री. त्यावर त्याने वीस वर्षं गावाचे हात सांभाळले. सामना मात्र कधी बघितला नाही. मैदानाकडे पाठ करून उलट्या बादलीवर बसायचा आणि चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात चेंडू आपटल्याचा आवाज ऐकायचा.

"अरे, निदान एकदा तरी बघ की वळून," मी म्हणायचो.

"बघून काय करू? आवाजावरून कळतं मला कोपर कसंय ते."

त्या वर्षी योस्बेल आला. बावीस वर्षांचा, वाळलेल्या बांबूसारखा उंच, आणि हात असा की समोरच्याला चेंडू दिसायच्या आत तो मोज्यात गेलेला असायचा. त्याच्या जिवावर आमचं गाव प्रांताच्या अंतिम फेरीत पोचलं. हे याआधी कधीच झालं नव्हतं. समोर प्रांताच्या राजधानीचा संघ. ते लोक आम्हाला खारवलेले मासे म्हणायचे, तोंडावर. तीन सामने, दोन जिंकेल त्याची स्पर्धा. रविवारी पहिला झाला. योस्बेलने पहिल्या डावापासून नवव्यापर्यंत एकट्याने चेंडू टाकला आणि आम्ही जिंकलो. गाव नाचलं.

सोमवारी सकाळी निकानोर दोन लाद्या बांधून चौकातून गेला.

मी तिथे नव्हतो, पण अमादोने मला नंतर दहादा सांगितलं. एका माणसाच्या गालावर अर्धा साबण तसाच ठेवून तो दुकानातून बाहेर धावला. फेर्मिनमास्तर शाळा सोडून आला. सगळे सायकलमागे.

"खांदा की कोपर? तेवढं सांग!"

"अरे बोल ना, तोंडात काय बर्फ भरलाय?"

"निकानोर, माझं हृदय कमकुवत आहे, मला तरी सांग!"

निकानोरने पायडल मारलं आणि निघून गेला. दिवसभर त्याच्या दारात रीघ. त्याची बायको सेनाइदा शेवटी पाण्याची बादली घेऊन बाहेर आली तेव्हा कुठे माणसं हलली. अमादोने जाहीर केलं की हा बोलत नाही तोवर याची दाढी होणार नाही. कुणी म्हणे कोपर, कुणी म्हणे खांदा. एकाने तर योस्बेलला डाव्या हाताने कॉफीचा पेला धरताना पाहिलं होतं, आणि त्यावरून दोन घरांत बोलणं बंद झालं. त्या पोराला रात्री झोप लागली का, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

मंगळवारी पहाटे पाचला बर्फखान्याचं दार वाजलं. निकानोर होता, दाढी वाढलेली.

"आता रोज लागणार. आजपासून एक लादी आत्ता दे," तो म्हणाला. "दुसरी आठ वाजता, नेहमीसारखी."

"हा काय प्रकार?"

"अरिस्तिदेसचा हुकूम." अरिस्तिदेस म्हणजे संघाचा मॅनेजर. "म्हणतो राजधानीवाल्यांचीही माणसं बसतात त्या बाकड्यावर. दोन लाद्या दिसता कामा नयेत."

असं सुरू झालं. पहाटेची लादी गोणपाटात गुंडाळून तो मागच्या गल्लीने न्यायचा, आठची उघड चौकातून. मंगळवारी एक लादी पाहून बाकड्याने सुटकेचा श्वास टाकला. बुधवारी दुसरा सामना दुसऱ्याच पिचरने टाकला आणि आम्ही हरलो. आता सगळं शनिवारवर, आणि शनिवारी योस्बेलशिवाय कोण?

गुरुवारी पहाटे निकानोरने लादी उचलली नाही. तिच्यावर हात टेकून उभा राहिला.

"मेल्चो, कोपराच्या आतली शीर सुटत चाललीये. दोरखंडाचा पीळ उलगडतो ना, तशी लागते अंगठ्याला. त्याने दोन महिने चेंडूला हात लावता कामा नये. शनिवारी टाकला तर संपला तो."

"मग सांग अरिस्तिदेसला."

"सांगितलं. तो म्हणाला, एकच सामना आहे. मग त्या पोराला सांगितलं. तर माझे हात धरून रडायला लागला. म्हणतो, काका, एकच सामना आहे, कुणाला बोलू नका." त्याने लादीवरचा ओला हात पँटला पुसला. "आज आठ वाजता मी दोन्ही लाद्या बांधून चौकातून जाणार होतो. बाकड्यासमोर उतरून सांगणार होतो, बघा, हे असं आहे. चिडतील, शिव्या देतील. पण सगळं गाव नको म्हणालं तर अरिस्तिदेसची छाती नाही त्याला मैदानात उतरवायची. तू काय म्हणतोस?"

सबंध गावात त्याने मला विचारलं. मला. माझ्याइतका कोरडा माणूस दुसरा नाही असं त्याला वाटलं असेल, दिवसभर बर्फात वावरणारा. त्याला काय माहीत, माझा बाप खारवलेला मासा म्हणवून घेत मेला होता, आणि शनिवारसाठी मी कपाटातला एकुलता एक पांढरा सदरा स्वतः धुऊन ठेवला होता.

मी म्हणालो, "एकच तर सामना आहे, निकानोर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यांत; असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्याने लादी उचलली, गोणपाटात गुंडाळली आणि मागच्या गल्लीने गेला.

आठ वाजता तो एक लादी बांधून चौकातून निघाला. फेर्मिनमास्तरने त्याला सायकलवरून उतरवलं, लादीवर हात ठेवून खात्री केली आणि बाकड्यावर चढून ओरडला, "एकच! देवाशपथ एकच!" अमादोने त्याला ओढत दुकानात नेलं आणि फुकट दाढी केली. लोकांनी त्याचे हात धरून नाचवलं म्हणे. अमादो म्हणायचा, वस्तरा फिरत होता तोवर निकानोरने डोळे मिटून घेतले होते, इतकं सुख झालं होतं त्याला.

शनिवारी मी पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत होतो. चार डाव योस्बेल असा खेळला की राजधानीवाल्यांना तोंड वर काढता आलं नाही. दोन शून्य आम्ही पुढे. पाचव्या डावात मी सहज निकानोरकडे पाहिलं. तो बादलीवर पाठमोरा बसला होता आणि त्याने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचा चेंडू कॅचरपर्यंत पोचलाच नाही. मधेच मातीत पडला. योस्बेल गुडघ्यावर बसला, उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बाजूला लोंबत होता. आम्ही सगळे उभे राहिलो आणि ओरडलो, "ऊठ! ऊठ रे!" मीही ओरडलो.

सामना आम्ही तीन-दोनने हरलो. जिंकलो असतो तर त्या हाताबद्दल कुणी पुन्हा चकार शब्द काढला नसता, हे मी शपथेवर सांगतो. पण हरलो, आणि खापर फोडायला डोकं हवं होतं. राजधानीच्या डॉक्टरने सांगितलं की शीर आठवडाभर आधीच फाटायला लागली होती. ते गावात कळलं तेव्हा बाकड्यावर एकच गलका झाला.

"मग एक लादी कशी? फसवलं भडव्याने आपल्याला!"

"आम्हाला कळलं असतं तर आम्ही त्या पोराला उतरू दिलं असतं का?"

हे बोलताना अमादोच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. सगळ्यांनाच ते खरं वाटत होतं. अरिस्तिदेसने हात वर केले, मालिशवाल्याने मला काही कळवलंच नाही म्हणून, आणि निकानोरला संघातून काढलं. गावाने त्याला नाव ठेवलं, एका लादीचा निकानोर. पोरंसोरं सायकलमागे ओरडत पळायची.

मी काय केलं? मूग गिळून बसलो. चौकात जाऊन एवढंच म्हणायचं होतं, त्याने रोज दोन नेल्या, दुसरी मी दिली, तो तुम्हाला सांगायला निघाला होता आणि मी त्याला थांबवलं. तीन वाक्यं. जायचो रोज, बाकड्यावर बसायचो, आणि भांडणाचा विषय बदलायची वाट बघायचो.

महिनाभराने प्रांताच्या रेडिओवर योस्बेल बोलला. निकानोर तेव्हा बर्फखान्यातच होता, सेनाइदासाठी बर्फाचा तुकडा न्यायला आलेला. माझ्या रेडिओतून त्या पोराचा आवाज आला: "निकानोरकाकांनी वेळेवर सांगितलं असतं तर मी थांबलो असतो." मी बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," निकानोर म्हणाला. "घाबरलाय पोरगा. कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं त्याला." मग जाताना दारात थांबला. "तुझं नाव मी कधी घेणार नाही, मेल्चो. तुझ्यासाठी नाही. मला कुणी विचारतच नाही म्हणून."

हे तो हसत म्हणाला. ते हसू मी अजून विसरलो नाही.

पुढे तो चौदा वर्षं जगला. डिझेल संपल्याने ट्रॅक्टर उभे राहिले होते आणि बैल परत आले होते, तेव्हा तो पुन्हा बैलांचे गुडघे चोळायला लागला. "बैल रेडिओवर बोलत नाहीत," म्हणायचा. योस्बेल दुसऱ्या गावी बसडेपोत लागला. उजव्या हाताने त्याला केस विंचरता येत नाहीत असं ऐकलं.

निकानोर मे महिन्यात गेला, दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. सकाळपासून वीज नव्हती आणि मुलगी सांतियागोहून दुसऱ्या दिवशी पोचणार होती. सेनाइदाने त्याचीच सायकल देऊन शेजाऱ्याला पाठवलं: शवपेटीखाली ठेवायला बर्फ हवा. शेजाऱ्याला मी म्हणालो, तू घरी जा, मी नेतो. दोन लाद्या कॅरियरवर बांधल्या. गोणपाट टाकलं नाही. मागची गल्ली घेतली नाही. चौकातून निघालो.

गावाचा संघ त्या वर्षी पुन्हा अंतिम फेरीत होता. नवा पिचर, एकोणीस वर्षांचा, गावाचा लाडका. बाकड्यावर अर्धी तोंडं नवी होती, पण अमादो होता, म्हातारा झालेला, आणि फेर्मिनमास्तर काठी घेऊन. कॅरियरकडे नजर गेली आणि सगळे उठून उभे राहिले.

"दोन!" अमादो ओरडला. "मेल्चो, दोन कशा? कुणाचा हात गेला?"

मी सायकलवरून उतरलो. चौदा वर्षं पाठ केलेली वाक्यं होती, ती म्हटली.

"निकानोर गेला. त्याच्या पेटीखाली ठेवायला नेतोय. आणि ऐका, त्या वेळीही दोनच होत्या. दुसरी पहाटे मी द्यायचो. तो तुम्हाला सांगायला येत होता, मी थांबवलं त्याला."

फेर्मिनमास्तरने टोपी काढली. लाद्यांचं पाणी माझ्या वहाणेवर ठिबकत होतं. मला वाटलं, आता कुणीतरी थोबाडीत मारेल, आणि मारावी असं फार वाटत होतं.

अमादो पुढे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून विचारलं, "म्हणजे आपल्या पोराचा हात ठीक आहे ना?"