अर्धलीची मोटार

माझ्या साडूने मला फसवले. हे मी त्याच्या तोंडावर सांगितले, सासऱ्यांसमोर सांगितले, नागभीडच्या मालधक्क्यावरच्या बाबूलाही सांगितले आणि आता लिहूनही ठेवतो. डोक्यावर हिरड्याची पोती वाहून मी धंदा शिकलो. मोह, लाख, डिंक, चारोळी यांच्या बाजारात मुरलेली माणसे माझ्याशी सौदा करताना आधी पाणी मागतात. अशा मला घोळात घेतले कोणी, तर जो वांगी आणायला पाठवला तर वांगी विसरून वांगीवालीचा तराजू दुरुस्त करून परत यायचा, त्या माणसाने. चांदा जिल्ह्यात इतका व्यवहारशून्य माणूस दुसरा नाही असे सगळे म्हणत. मी म्हणतो, इतका पक्का व्यवहारी माणूस दुसरा झाला नाही. फक्त तो व्यवहार करतो आहे हे समोरच्याला वर्षभराने कळायचे.

बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे, आणि चालू असलेली दिसली तर जास्तच. माझ्या धाकट्या मेहुणीशी त्याचे लग्न लागले तेव्हा थोरला जावई म्हणून मांडवाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. भटजींची नजर सासऱ्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे, वऱ्हाडाची भटजींकडे, आणि नवरदेवाचीही घड्याळाकडेच. घड्याळाची टिकटिक त्याला 'लंगडी' वाटत होती. मी आचाऱ्याशी तुपावरून भांडत होतो, तेवढ्यात या गृहस्थाने डोक्यावरच्या बाशिंगासकट उठून घड्याळ खाली उतरवले आणि उघडले. मुहूर्त कधी आला नि कधी गेला ते कोणालाच समजले नाही. शेवटी भटजींनी सूर्याकडे पाहून अक्षता टाकायला सांगितल्या. सासरे कपाळाला हात लावून बसले होते. त्यांना तो म्हणाला, "मामाजी, आता हे घडी जन्मात मागं नाई पडणार." ते मात्र खरे निघाले. तेव्हापासून ते घड्याळ पुढेच पळते, आणि सासऱ्यांच्या घरी दुपारचे जेवण गावाच्या न्याहारीबरोबर होते.

लग्नाआधी तो एका कोळशाच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होता. तिथून त्याला घरी पाठवले, कारण चालता पंप त्याने थांबवून खोलला. "थो कण्हून राह्यला होता भाऊ, मले पाहावलं नाई," एवढेच त्याचे म्हणणे. मग नागभीडच्या अलीकडे बापजाद्यांची थोडी धानाची जमीन होती, ती करू लागला. धानाचे पीक बरे यायचे, पण बांधावर बसून तो नांगराचा फाळ बदलून पाहायचा, शेजाऱ्याच्या बैलबंडीचे चाक उलटे बसवून पाहायचा. गावाला त्याचा त्रास व्हायचा आणि त्याच्यावाचून चालायचेही नाही. कुलपाची किल्ली हरवली की लोक त्याच्याकडे येत. कुलूप उघडायचे, पण नंतर लागायचे नाही.

आता मोटारीकडे येतो. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा आमच्या भागातले एक मोठे मालगुजार घर आवरून नागपूरला निघाले. त्यांची मोटार लढाईच्या दिवसांत, पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा, कोठारात ओंडक्यांवर चढवून ठेवलेली होती, ती तशीच राहिली होती. वर धानाच्या तणशीचा ढीग, मागच्या गादीवर कोंबड्यांची अंडी, पुढच्या गादीत उंदरांची वसाहत. मी ती पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागचा अर्धा भाग कापायचा, तिथे माल ठेवायला सागवानी फळ्यांचा डाला बसवायचा आणि जंगलातल्या बाजारांतून माल उचलून थेट रेल्वेवर. बाकीचे व्यापारी बंड्या जुंपेपर्यंत माझा माल डब्यात. ज्या वाटेने मी डोक्यावर पोते घेऊन चाललो, त्या वाटेने एकदा भोंगा वाजवत जायचे, एवढे एकच मला आयुष्यात हवे होते. सौद्यात हवी ती वस्तू पाहायची नसते, हा माझा नियम. मी मोटारीकडे पाठ करून त्यांच्या दिवाणजींकडे कोठाराच्या छपरावरच्या कवेलूंची चौकशी केली. निघताना म्हणालो, "हे लोखंड नेता तरी कसं येईल? साप असतील." अखेर एक दुभती म्हैस आणि एक शिसवी पलंग यांवर मोटार माझी झाली. म्हैस लाथाड होती हे मी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. सौदा असा असतो.

पण मोटार सुरू कोण करणार? नागपूरचा मिस्त्री आणायचा तर त्याला खाऊ घालता घालता मीच बुडालो असतो. म्हणून मी साडूला बोलावले आणि अर्धलीने बोललो. आमच्याकडे गाय अर्धलीने देतात: गाय एकाची, चारापाणी दुसऱ्याचे, पुढे जे येईल ते निम्मे निम्मे. मी म्हणालो, "बापू, मोटार माझी, मेहनत तुझी. जिवंत केलीस तर अर्धी तुझी." आणि वाटणी मीच पाडून टाकली. दिवाळीपासून मृगापर्यंतचे आठ महिने माझे, मृगापासून दिवाळीपर्यंतचे चार महिने त्याचे. ज्याने आमचा मुलूख पाहिला आहे त्याला यातली खोच कळेल. पावसाळ्यात नाले भरतात, चिखलात बंडीचे आख बुडतात. तिथे मोटार नेणार कुठे?

तो लगेच म्हणाला, "चालते भाऊ."

"पाहून घे. मंग म्हणशीन, भाऊनं वाटणीत मारलं."

"काऊन म्हणीन? पावसाळा काई वाईट नाई. फक्त माह्या महिन्यात मी तिचं काय करतो ते तुमी बोलायचं नाई."

"नाई बोलत," मी म्हणालो. जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्यापासून दूर राहावे, हे मी नवशिक्यांना सांगत आलो आहे. साडू म्हणून गाफील राहिलो.

मोटार त्याच्या गावी नेली ती बैलजोड्या जुंपून. तो आत चाक धरून बसला होता. भोंग्याचे रबर उंदरांनी खाल्लेले, म्हणून तोंडानेच भोंगा वाजवत होता आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचे जोहार साहेबासारखे घेत होता. मी, मोटारीचा धनी, मागे धुळीत चालत होतो. मग त्याने ती अंगणात पसरली. पसरली म्हणजे अक्षरशः. सुपांत, टोपल्यांत, पाटीवर, जिथे मेहुणी वड्या घालायची तिथे मोटारीचे भाग उन्हाला घातले. गंज काढायला तो मोहाची पहिल्या धारेची दारू वापरी. त्यामुळे त्या अंगणात मदतीला माणसांची कधीच वाण पडली नाही, आणि गंज निघाला त्याहून जास्त दारू निघाली. स्प्रिंगची पाती तुटली होती, तिथे बांबूच्या कामट्या बांधल्या. गाद्या गेल्या होत्या, तिथे बुरडाकडून विणून घेतल्या. पंपाला म्हशीच्या कातड्याचा वायसर, भेगांना लाख, टायरांत आधी तणीस आणि पुढे कुठून तरी आणलेले लॉरीचे जुने टायर. पाण्याची टाकी गळत होती म्हणून तिच्यात हळद ओतली. गळती थांबली, पण मोटार खालून पिवळे पाणी टाकू लागली आणि बायका म्हणू लागल्या, "नवरीले हळद लागली, आता वऱ्हाड कधी?"

मीही तेच विचारत होतो. बाजारांचा हंगाम चालू झाला, मी निरोपावर निरोप धाडले. तो म्हणे, "होऊन राह्यलं भाऊ, तिले घाई मानवत नाई." मोह वेचून झाला, चारोळी आली आणि गेली, लोक भाड्याच्या बंड्यांनी माल नेऊ लागले, आणि माझी मोटार सुपातच. मी जाऊन ओरडलो की तो एखादा भाग उचलून माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "पाहा, किती झिजली बिचारी." माणसाच्या हातात लोखंड असले की नीट ओरडता येत नाही, हे मी तिथे शिकलो.

मोटार सुरू झाली ती मृगाच्या तोंडावर. हा योगायोग नव्हता, हे मी कुठल्याही पंचांसमोर सांगायला तयार आहे. त्याने मला मागे, विणलेल्या गादीवर बसवले. हँडल मारले. मोटार खोकली, थरथरली, आणि असा आवाज केला की गावची कुत्री आधी पळाली आणि मग मागे लागली. आम्ही सडकेने मैलभर गेलो. मी फेटा घट्ट धरून बसलो होतो आणि वाटेतल्या प्रत्येकाकडे पाहत होतो की तो माझ्याकडे पाहतो का. मागे जायचा गिअर लागत नव्हता म्हणून शेताला वळसा घालून परतलो. मी म्हणालो, "उद्या डाला बसव." तो आभाळाकडे बोट दाखवून म्हणाला, "उद्यापासून माही पाळी भाऊ." फसवले म्हणतो ते हे. तेही माझ्याच मोटारीत बसवून.

चार महिने मी दम खाल्ला. दिवाळी झाली तसा एक सुतार आणि सागवानी फळ्या घेऊन त्याच्या दारात गेलो. मोटार पुन्हा ओंडक्यांवर चढलेली. मागचे एक चाक काढून तिथे लाकडी पुली बसवलेली, पुलीवरून पट्टा, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला राइस मिलने मोडीत काढलेले, धान भरडायचे हलर. पेट्रोलच्या थेंबांवर चालू करून घासलेटावर सोडलेले इंजिन धडधडत होते, एका बाजूने धान जात होते, दुसऱ्या बाजूने तांदूळ पडत होता. टोपल्या घेऊन बायकांची रांग पार विहिरीपर्यंत.

"हे का केलं रे?" मी विचारले.

"पावसाळाभर उभी राहून तिचे पाय आखडले असते. म्हणून कामाले लावली."

"माझे आठ महिने सुरू झाले. खाली उतरव."

"उतरवतो ना. मी नाई म्हणलं का? एवढं नवं धान होऊ द्या."

मी गावच्या म्हाताऱ्यांना जमवले. न्याय मागितला. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने चिलीम खाली ठेवली आणि म्हटले, "शेठ, मोटार तुमची हाय, कोणी नाई म्हणत नाई. पण धान चुरताना जुंपलेला बैल कोणी खळ्यातून सोडवून नेत नाई. रास होऊ द्या, मंग न्या." आमच्याकडे हा रिवाज आहेच. धनी असला तरी मळणीच्या मधून बैल नेत नाही. नेला तर त्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही. मी सुतार परत नेला. पण खळ्याची रास कधी तरी होते. त्या हलरपुढची रास काही होईना. लवकर येणारे हलके धान संपले की उशिराचे भारी धान, ते संपले की पलीकडच्या गावचे, ते संपले की मृग. मृग लागला की त्याची पाळी.

अशी वर्षे गेली. वर्षातून एकदा त्याच्याकडून माझ्या दारात बंडी यायची, तिच्यात कोंडा. भरडाईचे ओंजळभर तांदूळ घासलेटात जायचे, विधवांचे आणि जंगलातून चालत येणाऱ्या गोंड बायांचे धान तो तसेच भरडून द्यायचा, आणि मागे उरेल त्या कोंड्यातला अर्धा हिस्सा, अर्धलीच्या धर्माला जागून, मोटारीच्या धन्याला. मी एकदा भडकून ती बंडी परत धाडायला निघालो, तर बायको आडवी आली. "कोंडा म्हशी खाऊन राह्यल्या ना? मंग?" आणि जरा थांबून म्हणाली, "माझी बहीण दिवस निघाल्यापासून कांडत होती. तिचे हात पाहिले का तुमी कधी? त्यानं पाहिले." मी म्हटले, हात पाहायचे होते तर स्वतःच्या मोटारीने पाहायचे. बायको आत निघून गेली. म्हशींनी कोंडा खाल्ला.

गेल्या पावसाळ्यात तो तापाने गेला. नाले भरले होते, खाटेवर घालून दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. त्याचे दिवस झाल्यावर मेहुणी स्वतः म्हणाली, "भाऊजी, आता मोटार न्या. तुमचीच हाय." आता बारा महिने माझे, भांडायला कोणी नाही. मी नागभीडहून ड्रायव्हर नेला. त्याने हँडल मारून स्वतःचाच खांदा निखळवून घेतला. मग दुसरा आणला; त्याने झाकण उघडले, आत पाहिले आणि विचारले, "हे कोणं जोडलं? यातलं काईच जागेवर नाई. हे चालत कसं होतं?" मी त्याला हाकलून दिले. मोटारीबद्दल बाहेरच्या माणसाने बोललेले मला खपत नाही.

नवे धान आले आहे. बायका टोपल्या घेऊन येतात, ओंडक्यांवरच्या मोटारीकडे पाहतात आणि माझ्याकडे पाहतात, जणू मी ती बंद पाडली. उखळे पुन्हा अंगणात आली आहेत. मेहुणीच्या दारात बसले की चारी बाजूंनी कांडणाचा आवाज येतो, सकाळपासून, थांबत नाही. सौद्यात मी पुष्कळ माणसे पाहिली, पण अर्धा वाटेकरी असा दुसऱ्या वाटेकऱ्याला न विचारता, यंत्र कसे चालते ते कोणालाही न सांगता उठून जातो, हे कुठल्या रिवाजात बसते? मोटार मी सोडली. डाला नको, भोंगा नको. पण ती चालू कशी करायची एवढे मला समजले पाहिजे, आणि याचा जाब कोणी तरी दिला पाहिजे. दुसऱ्या कोणाला तो देता येणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून त्यालाच विचारतो: बापू, बोल.